पांडाजमध्ये पहिला पीआर (आपला बदल घ्या अशी विनंती) टाकायचाय, लॅपटॉपवर सेटअप आणि रोजचा वर्कफ्लो कसा लावू?

निफाडचा_कोडर

नमस्कार मंडळी, नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर निफाड तालुक्यात. शिकता शिकता आमच्याकडच्या एका शेतकरी गटाचं कांद्याच्या भावाचं काम बघतो. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव इकडची रोजची आवक, किमान, कमाल आणि सरासरी भाव क्विंटलमागे, हे सगळं सीएसव्हीत येतं आणि मी पांडाज या पायथनच्या डेटा लायब्ररीने वाचून आठवड्याचा तक्ता काढून ग्रुपवर टाकतो. लोक तो बघून चाळीतला माल कधी काढायचा ते ठरवतात, त्यामुळे तारखेत गडबड झालेली अजिबात चालत नाही.

आता मुद्दा असा की आपण तारीख दिवस-महिना-वर्ष लिहितो. पांडाज २.० पासून (२०२३) पहिली नोंद बघून अख्ख्या कॉलमचा फॉरमॅट ठरवतं, आणि वर ०१/०२/२०२४ दिसलं की ते अमेरिकन पद्धतीने २ जानेवारी धरतं. टू-डेटटाइमला (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) हा कॉलम दिला आणि खाली १३/०२/२०२४ आलं की ते सरळ एरर देतं, ही तारीख फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणून. हे ठीकच आहे, निदान कळतं तरी. पण तीच फाइल रीड-सीएसव्हीने (फाइल वाचणारं फंक्शन) पार्स-डेट्स (तारखा ओळखायचा पर्याय) लावून वाचली तर एरर येत नाही, अख्खा कॉलम टेक्स्ट म्हणूनच परत येतो, आणि मग सॉर्ट केलं की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एका खाली एक. डे-फर्स्ट ट्रू (म्हणजे दिवस आधी) दिलं की दोन्हीकडे बरोबर येतं. डॉक्समध्ये (पांडाजच्या माहितीपानांत) हे आहे पण एक तुकडा इथे एक तुकडा तिथे, आपल्यासारख्या फॉरमॅटवाल्या माणसाला एका जागी दिसत नाही. मला तिथे एक छोटं चालणारं उदाहरण टाकायचंय.

अडचण अशी की आजवर गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) वापरलं ते कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं, चौघं मिळून थेट मेनवर (मुख्य ब्रँचवर) पुश. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज ११. पांडाजचं काँट्रिब्यूटिंग पान वाचलं, फोर्क म्हणतात अपस्ट्रीम म्हणतात एन्व्हायर्नमेंट म्हणतात मेसन म्हणतात, एकेक शब्द कळतो पण सगळं एकत्र रोज कसं चालवायचं ते डोक्यात बसत नाहीये. फक्त डॉक्समधल्या चार ओळींसाठी अख्खी लायब्ररी बिल्ड करावी लागते का? विंडोजवरच करू की डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स)? वेगळ्या एन्व्हायर्नमेंटसाठी व्हेन्व की कोंडा? कुणी नियमित काँट्रिब्यूट करत असेल तर तुमचा रोजचा क्रम सांगा प्लीज.

गोदाकाठ

भाऊ विषय चांगला धरलायस, रोजच्या कामात जे अडलं तेच घेऊन आलायस त्यामुळे समोरच्याला पटवायला सोपं जाईल. मी इंदिरानगरहून रिमोट काम करतो आणि पायथनच्या दोन-तीन लायब्रऱ्यांत अधूनमधून पीआर टाकतो, माझा क्रम सांगतो, जरा लांब होईल.

पहिलं म्हणजे क्लोन करायच्या (रेपोची, म्हणजे कोडच्या साठ्याची, प्रत लॅपटॉपवर घ्यायच्या) आधी इश्शू (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी) बघ. गिटहबवर पांडाजच्या इश्शूंमध्ये डे-फर्स्ट शोध, आणि नुसते उघडे नको, बंद झालेले पण वाच. बंद इश्शूत बऱ्याचदा लिहिलेलं असतं की हे कुणीतरी आधी सुचवलं होतं आणि अमुक कारणाने नको म्हटलं, तेवढ्या वाचनाने तुझा आठवडा वाचतो. तुझं नेमकं कुणी मांडलं नसेल तर नवीन इश्शू टाक, त्यात असा कोड दे की समोरच्याने कॉपी-पेस्ट केला की लगेच चालला पाहिजे. तुझी भावाची फाइल जोडू नकोस, स्ट्रिंग-आयओमध्ये (कोडमधलाच मजकूर फाइलसारखा वाचायची सोय) तीन ओळींची सीएसव्ही बनव, दोन तारखा पुरेत. नव्या इश्शूला 'नीड्स ट्रायज' लेबल असतं, ते निघेपर्यंत थांब, म्हणजे कुणीतरी बघून हो म्हटलेलं असतं. मग त्याच इश्शूवर 'टेक' एवढाच शब्द इंग्रजीत कॉमेंट कर, तिथला बॉट इश्शू तुझ्या नावावर लावतो. दुसऱ्याच्या नावावर असलेला इश्शू परस्पर उचलू नकोस.

आता फोर्क, म्हणजे गिटहबवर तुझ्या खात्यात रेपोची प्रत. गिटहब फोर्क करताना फक्त मेन ब्रँच कॉपी करायची खूण आधीच लावलेली असते, तसं केलं की टॅग (व्हर्जनच्या खुणा) येत नाहीत, आणि पांडाज स्वतःचं व्हर्जन टॅगवरून काढतं. म्हणून फोर्क क्लोन केल्यावर लगेच «गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम» करून मूळ रेपोचा पत्ता दे आणि «गिट फेच अपस्ट्रीम डबल-डॅश टॅग्ज» मार. हे राहिलं तर व्हर्जन शून्य आणि पुढे अनटॅग्ड असं काहीतरी दिसतं आणि नंतर विचित्र ठिकाणी त्रास होतो. रेपो जड आहे, तुझं नेट हळू असेल तर लोक डेप्थ वन लावून क्लोन करतात, ते करू नकोस कारण जुना इतिहासच येत नाही, मग गिट ब्लेम करून ही ओळ कुणी आणि का लिहिली ते बघता येत नाही. त्याऐवजी फिल्टर ब्लॉब-नन लाव, इतिहास पूर्ण येतो आणि जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो.

आणि हा एक नियम पक्का धर, तुझ्या फोर्कच्या मेनवर कधीच कमिट करायचं (बदल नोंदवायचा) नाही. मेन म्हणजे कांद्याच्या रोपाचा वाफा समज, तिथून रोप उपटायचं आणि दुसरीकडे लावायचं, वाफ्यातच कांदा पोसायचा नाही. प्रत्येक कामाला «गिट फेच अपस्ट्रीम» करून अपस्ट्रीमच्या ताज्या मेनवरून नवीन ब्रँच काढायची, एक ब्रँच एक काम, नाव कामाचं. उद्या तुझा पीआर अडकला, फेटाळला, काहीही झालं तरी बाकी काहीच बिघडत नाही, दुसरी ब्रँच काढून दुसरं काम सुरू.

एन्व्हायर्नमेंटचं म्हणशील तर कोंडा घे, मिनीफोर्ज (कोंडाचा इन्स्टॉलर) टाकून. पांडाजच्या रेपोत एन्व्हायर्नमेंट-डॉट-वायएमएल फाइल आहे, त्यावरून केलं की पांडाज-डेव्ह नावाचं एन्व्हायर्नमेंट तयार होतं, कंपायलरपासून डॉक्स बनवणाऱ्या स्फिंक्सपर्यंत पायथनकडचं सगळं त्यात येतं. व्हेन्वनेही होतं पण मग कंपायलर वगैरे तुला वेगळं बघावं लागतं. कॉलेजच्या कामाचं पांडाज आणि हे पांडाज एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवू नकोस, भावाचा तक्ता तर मुळीच यातून काढू नकोस.

डॉक्ससाठी बिल्ड का लागतं ते आता. पांडाजचा बराच गाभा सी आणि सायथनमध्ये (पायथनसारखी, पण सीमध्ये बदलून कंपाइल होणारी भाषा) आहे, तो कंपाइल झाल्याशिवाय सोर्स फोल्डरातलं पांडाज इम्पोर्टच होत नाही. आणि यूजर गाइडमधले कोडचे तुकडे डॉक्स बनवताना खरोखर चालवले जातात, आउटपुट तिथूनच येतं. म्हणजे तुझं उदाहरण चाललं की नाही ते बघायला चालणारं पांडाज हवंच. पण ही कटकट एकदाच. पिपने एडिटेबल इन्स्टॉल करायचं, नो-बिल्ड-आयसोलेशन लावून, मागे मेसन (बिल्ड करणारं साधन) काम करतं. पहिल्यांदा वेळ घेतं, चहा करून ये. त्यानंतर पायथनची फाइल बदललीस तर काहीच करावं लागत नाही आणि सायथनची बदललीस तर पुढच्या इम्पोर्टला तेवढाच भाग आपोआप परत कंपाइल होतो.

झालं की लगेच पांडाज इम्पोर्ट करून व्हर्जन प्रिंट कर. तिथे डेव्ह लिहिलेलं दिसलं की तू सोर्सवालं पांडाज वापरतोयस. मग «प्री-कमिट इन्स्टॉल», म्हणजे प्रत्येक कमिटला रफ (पायथन कोड तपासणारं साधन), स्पेलिंग वगैरे तपासण्या आपोआप लागतात. पहिल्या वेळी त्या नेटवरून उतरतात, तेवढं धीराने घे.

अंबडची_टेस्टर

गोदाकाठ यांनी सगळं मांडलंय, मी टेस्टिंगच्या बाजूने भर घालते. मी अंबडला एका कंपनीत क्यूएला आहे, रोज विंडोज लॅपटॉपवरच असते.

विंडोजवर थेट केलंस तर व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स, त्यातले सी प्लस प्लसवाले, वेगळे टाकावे लागतात, ते बऱ्याच जीबींचं प्रकरण आहे. डब्ल्यूएसएल टूमध्ये उबुंटू टाक आणि तिथे मिनीफोर्ज टाक, पुढे सगळं लिनक्ससारखं. फक्त एक पाळ, रेपो उबुंटूच्या होम फोल्डरातच क्लोन कर. विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून तो डब्ल्यूएसएलमधून वापरला तर दोन फाइल सिस्टिमच्या मधून प्रत्येक फाइल जाते, गिट स्टेटसलासुद्धा ताटकळत बसावं लागतं. आणि ओळींच्या शेवटाचा तो सीआरएलएफचा घोळही होम फोल्डरात होत नाही. व्हीएस कोड विंडोजवर ठेव, त्याचं डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन आतला फोल्डर छान उघडतं.

दुसरं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकही ओळ बदलायच्या आधी टेस्ट चालवून बघ. सगळ्या नको, पांडाजच्या टेस्ट हजारोंनी आहेत, ८ जीबीवर त्या नादी लागू नकोस. टेस्ट्स फोल्डरात आयओ, त्यात पार्सर, त्यात टेस्ट-पार्स-डेट्स अशी फाइल आहे, पायटेस्टला (टेस्ट चालवणारं साधन) फक्त तीच दे, आणि के लावून डे-फर्स्ट लिहिलंस तर त्यातल्या नावात तो शब्द असलेल्याच चालतील. आधी हिरवं दिसलं पाहिजे. कारण नंतर काही लाल झालं तर ते तुझ्या बदलाने झालं की आधीपासून होतं हे तेव्हाच सांगता येतं. आमच्याकडे नवीन मुलं येतात ती थेट कोड बदलायला बसतात आणि मग दोन दिवस सेटअपच्याच भानगडीला बग समजून शोधत बसतात. तो सगळा वेळ वाचतो.

एरर आला की पहिली लाल ओळ वाच, शेवटची नाही. आणि इथे टाकताना पूर्ण मजकूर टाक, फोटो नको.

निफाडचा_कोडर

ताई, दादा, दोघांचे खूप आभार. डब्ल्यूएसएल टाकलं, मिनीफोर्ज झालं, टॅगसकट अपस्ट्रीम आलं, एन्व्हायर्नमेंट तयार व्हायला बराच वेळ लागला पण झालं. बिल्डला मात्र अडलो. अर्ध्याच्या पुढे जातं आणि मग येतं «फेटल एरर, किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी-वन», त्याच्यानंतर निंजा (मेसनच्या मागे कंपाइलची कामं चालवणारं साधन) म्हणतं सबकमांड फेल्ड. परत चालवलं तर दुसऱ्याच फाइलवर अडतं. कोडमध्ये तर मी काहीच बदललेलं नाही. सायथनचं व्हर्जन बदलून बघू का?

अंबडची_टेस्टर

नको, सायथनला हात लावू नको. एरर नीट वाच, कंपायलरने कोडची चूक दाखवलेली नाही, फाइलचं नाव-ओळ काही नाही, सरळ 'किल्ड' म्हणतोय. म्हणजे बाहेरून कुणीतरी त्याला मारलंय. दर वेळी वेगळ्या फाइलवर अडतं ही त्याचीच खूण आहे. मेमरी संपली की लिनक्स कर्नल सगळ्यात जास्त खाणारी प्रोसेस बंद करतं, तेच झालंय.

कारण असं की डब्ल्यूएसएल टू आपणहून मशिनची निम्मीच रॅम घेतं, म्हणजे तुझ्याकडे आत ४ जीबी. आणि निंजा जितके कोअर तितकी किंवा त्याहून जास्तच कामं एकदम काढतं. पांडाजच्या सायथनमधून ज्या सीच्या फाइली तयार होतात त्या प्रचंड मोठ्या असतात, चार-आठ एकदम कंपाइल व्हायला लागल्या की ४ जीबी कुठे पुरणार.

दोन गोष्टी कर. विंडोजच्या तुझ्या यूजर फोल्डरात डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल बनव, त्यात डब्ल्यूएसएल-टू हा विभाग, खाली मेमरी ६ जीबी आणि स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) ८ जीबी. मग पॉवरशेलमध्ये «डब्ल्यूएसएल डबल-डॅश शटडाउन» केल्याशिवाय ते लागू होत नाही, नुसती खिडकी बंद करून चालत नाही. दुसरं, त्याच पिप इन्स्टॉलला कॉन्फिग-सेटिंग्जमधून कंपाइल-आर्ग्जला जे-टू दे, म्हणजे एका वेळी दोनच कामं. हळू होईल पण पूर्ण होईल. त्या वेळात क्रोम बंद ठेव, आणि पावसाचे दिवस आहेत, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून मगच सुरू कर, आमच्याकडे दुपारी दोनदा लाइट गेली आज.

निफाडचा_कोडर

झालं!! जे-टूने पूर्ण झालं. व्हर्जनमध्ये डेव्ह दिसतंय, पार्स-डेट्सच्या टेस्ट हिरव्या आल्या. ताई तुम्ही 'किल्ड' शब्दावर बोट ठेवलं नसतं तर मी आत्तापर्यंत सगळं काढून परत टाकत बसलो असतो.

पुढचं. कॉलेजच्या वायफायवर «गिट पुश» अडकूनच राहतं, काही बोलतच नाही. एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ली) गिटहबवर घातलीय. घरी मोबाइलच्या नेटवर जातं. आणि अपस्ट्रीमचं मेन पुढे गेलं की माझी ब्रँच ताजी कशी करू, रीबेस (माझे कमिट ताज्या मेनवर परत रचणं) की मर्ज (मेन माझ्या ब्रँचमध्ये मिसळणं)?

कॉलेजरोडकर

पुशचं सांगतो, बऱ्याच संस्थांच्या नेटवर पोर्ट २२ बंद असतो. गिटहब एसएसएच ४४३ वरूनही देतं, त्यासाठी तुझ्या एसएसएच कॉन्फिगमध्ये गिटहबचा होस्टनेम बदलून एसएसएच-डॉट-गिटहब-डॉट-कॉम आणि पोर्ट ४४३ लिही, झालं. नाहीतर एचटीटीपीएसने टोकन वापर, पासवर्डने गिट चालवायची सोय गिटहबने ऑगस्ट २०२१ मध्येच बंद केलीय त्यामुळे तिथे अकाउंटचा पासवर्ड टाकत बसू नको.

ब्रँचसाठी माझं मत रीबेस. इतिहास एका सरळ रेषेत राहतो, रिव्ह्यू करणाऱ्याला तुझेच कमिट दिसतात, मध्ये मर्जचे कमिट येत नाहीत. पुश करताना नुसतं फोर्स नको, फोर्स-विथ-लीज लाव, म्हणजे मधल्या काळात त्या ब्रँचवर दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल तर ते पुसलं जात नाही.

गोदाकाठ

कॉलेजरोडकर, तुमच्या कंपनीत ते बरोबर असेल, मी पण नोकरीच्या रेपोत रीबेसच करतो. पण पांडाजमध्ये नको, आणि याला कारण आहे. त्यांच्या मार्गदर्शिकेतच अपस्ट्रीमचं मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करा असं सांगितलंय. शेवटी मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) पीआर स्क्वॉश करून (सगळे कमिट एकत्र करून) घेतात, तुझे पंधरा कमिट असोत की पन्नास, मेनमध्ये एकच जातो. मग तुझ्या ब्रँचचा इतिहास सरळ ठेवून मिळवायचं काय? उलट रिव्ह्यू सुरू झाल्यावर फोर्स पुश केलं की रिव्ह्यू करणाऱ्याला 'मागच्या वेळी बघितल्यानंतर काय बदललं' ते नीट दिसत नाही, आणि त्याचा वेळ ही इथली सगळ्यात तुटपुंजी गोष्ट आहे. दुसऱ्या लायब्ररीत वेगळा नियम असेल, तिथे तिथला पाळ. दर प्रोजेक्टचं काँट्रिब्यूटिंग पान वाचायचं ते यासाठीच.

आणि रोज उठून मर्ज करू नकोस. कॉन्फ्लिक्ट दाखवलं किंवा मेंटेनरने सांगितलं तरच. दर पुशला त्यांचं सीआय (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) पुन्हा पहिल्यापासून चालतं, लिनक्स मॅक विंडोज सगळ्यांवर, ते काही फुकट होत नाही.

अजून एक, तुझा इश्शू मनात ठेवून मी डॉक्स चाळले. यूजर गाइडमधल्या आयओच्या पानावर आंतरराष्ट्रीय तारखांचा एक छोटा विभाग आधीपासून आहे, डे-फर्स्टचं उदाहरण पण आहे तिथे. तो वाच आधी. म्हणजे डे-फर्स्ट समजावून सांगणारं नवीन काही लिहायची गरज नाही, तुझ्या मुद्द्यातला जो भाग वेगळा आहे तो म्हणजे 'फॉरमॅट जुळला नाही तर रीड-सीएसव्ही कॉलम टेक्स्टच ठेवतं, टू-डेटटाइम मात्र एरर देतं' हा. तो त्याच विभागात दोन वाक्यं आणि एका उदाहरणात बसतो. पीआर लहान होईल, आणि लहान पीआर लवकर बघितला जातो. इश्शूतही तसंच मांड.

कॉलेजरोडकर

स्क्वॉश करत असतील तर मग मर्जच ठीक, मान्य.

पंचवटीकर

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. एक छोटी पायथन लायब्ररी आम्ही तिघं सांभाळतो, नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर. पांडाज तिच्यापुढे खूपच मोठी, पण मेंटेनरला पीआर उघडताना काय दिसतं ते सगळीकडे सारखंच असतं.

पहिल्यांदा नाव दिसतं. पांडाजमध्ये पुढे प्रकार लिहायची पद्धत आहे, डॉक्सला डीओसी, बगला बीयूजी, नव्या सोयीला ईएनएच असं मोठ्या अक्षरांत, मग एका ओळीत काय केलं ते. वर्णनात इश्शूचा नंबर 'क्लोजेस' लिहून द्यायचा, म्हणजे पीआर मर्ज झाला की इश्शू आपोआप बंद होतो. मग बदललेल्या फाइली. तिथे तू सांगितलंय तेवढंच बदललेलं दिसलं पाहिजे. एडिटरने आपणहून स्पेसेस बदलल्या, जवळची दोन वाक्यं तुला आवडली नाहीत म्हणून सुधारली, असं काहीही नको. पुश करायच्या आधी «गिट डिफ अपस्ट्रीम मेन» स्वतः वाचून काढ, प्रत्येक ओळ, जणू दुसऱ्या कुणाची आहे. मी आजही पाठवायच्या आधी हे करतोच.

आणि हे कळकळीने सांगतो, एआयला विचारून शिकायला माझी ना नाही, मेसन म्हणजे काय विचार, एरर समजून घे. पण त्याने लिहिलेला मजकूर न समजता पीआरमध्ये घालू नकोस, वर्णन पण स्वतःच्या शब्दांत, इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आमच्या छोट्या लायब्ररीवर हल्ली असे पीआर येतात ज्यात लांबलचक सुंदर वर्णन असतं आणि कोड एकदा पण चालवलेला नसतो, आपण प्रश्न विचारला की उत्तर पण तसंच लांबलचक येतं. ते वाचण्यात जी रात्र जाते ती खऱ्या माणसाच्या पीआरमधून कापली जाते. मोठ्या प्रोजेक्टांनी याबद्दल नियमच लिहून ठेवलेत, ते आधी वाच. तुझ्याकडे स्वतःची गोष्ट आहे, लासलगावचा भाव आणि तारखेचा घोळ, ती चार वाक्यांत इश्शूत लिहिलीस तरी कुणालाही कळेल की हा माणूस खरंच वापरतो.

पहिला पीआर टाकल्यावर तपासण्या सुरूच झाल्या नाहीत असं दिसेल, घाबरू नकोस. नव्या माणसाच्या पीआरवर गिटहब ॲक्शन्स चालवायला मेंटेनरची परवानगी लागते, लोक सीआयवर क्रिप्टो मायनिंग चालवायला लागले म्हणून २०२१ पासून तशी सोय केलीय. परवानगी मिळाली की चालतील. त्यातली एखादी लाल झाली तर आधी लॉग उघडून बघ तुझ्याशी संबंध आहे का, कधी कधी मेनवरच काहीतरी बिघडलेलं असतं, तसं वाटलं तर एका ओळीत लिही.

रिव्ह्यूला वेळ लागतो. पांडाजवर बरेच लोक स्वयंसेवक आहेत, वेगवेगळ्या देशांत. आठ-दहा दिवस कुणी बोललं नाही तर एकदा नम्रपणे विचार, रोज विचारू नको, माणसांची नावं टॅग करत सुटू नको. बदल सुचवला तर त्याच ब्रँचवर नवीन कमिट करून पुश कर, पीआर बंद करून नवीन उघडायचा नाही. पटलं नाही तर कारण दे, आपल्याकडे मुलं पटलं नाही तरी 'येस सर' म्हणून बदलून टाकतात, इथे तसं नको, तुला तारखांचा जो अनुभव आहे तो समोरच्याला असेलच असं नाही.

निफाडचा_कोडर

पंचवटीकर सर, वाचून खूप बरं वाटलं, ही बाजू कुठल्याच व्हिडिओत नसते. गोदाकाठ दादा तुम्ही म्हणालात तो विभाग वाचला, खरंच आहे तिथे, मी रीड-सीएसव्हीच्या एपीआय पानावरच शोधत होतो. आता माझं काम फक्त त्याच विभागात दोन वाक्यं आणि स्ट्रिंग-आयओचं उदाहरण, एकदा डे-फर्स्टशिवाय आणि कॉलमचा डीटाइप (डेटाचा प्रकार) दाखवून, एकदा डे-फर्स्टसकट. इश्शू टाकलाय, लेबल अजून आहे त्यामुळे थांबलोय, तोवर ब्रँच काढून लोकली लिहून बघतो.

शेवटचे दोन प्रश्न. अख्खे डॉक्स माझ्या लॅपटॉपवर बनतील का? आणि गिटमध्ये माझा पर्सनल ईमेल दिसतो तो सगळ्यांना दिसेल ना?

गोदाकाठ

अख्खे बनवू नकोस, ८ जीबीवर जीव जाईल लॅपटॉपचा. डॉक फोल्डरात जा, मेक-डॉट-पीवायला सिंगल लावून यूजर गाइडच्या आयओ फाइलचा मार्ग दे, तेवढंच एक पान बनतं. बाकीच्या पानांच्या लिंक तुटलेल्या दिसतील, ते चालतं. बिल्ड फोल्डरात एचटीएमएल येतं ते ब्राउझरमध्ये उघडून आपलं उदाहरण आणि त्याचं आउटपुट डोळ्यांनी बघ, आरएसटीमध्ये (डॉक्स लिहायचा फॉरमॅट) एक रिकामी ओळ चुकली तरी कोडचा ठोकळा साध्या मजकुरासारखा दिसतो. पुढे कधी फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगवर (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीवर) काम केलंस तर स्क्रिप्ट्स फोल्डरात व्हॅलिडेट-डॉकस्ट्रिंग्ज आहे, त्याला फंक्शनचं नाव दिलं की काय राहिलं ते सांगतं. पीआर टाकल्यावर त्यावर स्लॅश-प्रिव्ह्यू अशी कॉमेंट केलीस की तुझ्या बदलासकट डॉक्सचा प्रिव्ह्यू तयार होतो, तो रिव्ह्यू करणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

ईमेल हो, कमिटमध्ये जातो आणि कायमचा राहतो. गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल खाजगी ठेवायचा पर्याय आहे, तिथे नो-रिप्लायवाला पत्ता मिळतो, तो फक्त याच रेपोसाठी «गिट कॉन्फिग यूजर ईमेल» करून टाक, ग्लोबल न लावता. पहिल्या कमिटच्या आधीच कर.

निफाडचा_कोडर

ईमेल बदलला. सिंगलने पान बनलं, डे-फर्स्टशिवायच्या उदाहरणात डीटाइपच्या जागी तारीख येत नाही हे स्पष्ट दिसतंय. शनिवारी लासलगावची नवी फाइल येईल, ती जुन्या एन्व्हायर्नमेंटमधूनच वाचतो, आणि इश्शूवरचं लेबल निघालं की 'टेक' करून पीआरची लिंक इथे टाकतो.

अंबडची_टेस्टर

टाक नक्की. आणि पुश करायच्या आधी प्री-कमिट सगळ्या बदललेल्या फाइलींवर एकदा हाताने चालव, आरएसटीच्या तपासण्या पण आहेत त्यात.